अप्पांच्या ट्रकचं वशिंड

माझ्या घरमालकांच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नव्हती. हे मी सांगत नाही, ते स्वतःच सांगायचे, आणि मागं लागून सांगायचे. आमटीत दुसऱ्यांदा मीठ पडलं तर मीठ जास्तीचं खारट निघालेलं असायचं. चौकटीला डोकं आपटलं तर दार बुटकं. किल्ली हरवली तर कुलूपच आगाऊ. प्रत्येक वेळी वाक्य ठरलेलं, "माझं बराबर हाय. वस्तूच चुकली."

मी जनावरांची डॉक्टर. मूळची तेरची. मुरूमच्या दवाखान्यात नेमणूक झाली तेव्हा खोली शोधत शोधत यांच्या दारात जाऊन उभी राहिले. सगळा गाव त्यांना अप्पा म्हणायचा आणि त्यांच्या बायकोला अव्वा, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. घरात दोघंच. त्यांचं भांडण कानडीत व्हायचं, आणि झालं की दोघं आळीपाळीनं ते मला मराठीत समजावून सांगायचे. म्हणजे मला प्रत्येक भांडण दोनदा ऐकावं लागायचं, आणि दुसऱ्या वेळी ते वाढलेलं असायचं.

खोली दाखवायच्या आधी अप्पांनी मला एवढंच विचारलं, "बैलाचं कळतंय का?"

"त्याचाच पगार घेते," मी म्हणाले.

"मग चला," म्हणत ते मला मागच्या गोठ्यात घेऊन गेले. गोठ्यात बैल नव्हता. दावणीकडं तोंड करून एक ट्रक उभा होता, लांब नाकाचा, शेवाळी रंगाचा, अप्पांच्या वडिलांनी कधीकाळी मिलिटरीच्या लिलावातून आणलेला. केबिनमध्ये एक कोंबडी अंड्यावर बसलेली होती. तिनं आमच्याकडं असं बघितलं की मालकीण तीच.

"तपासा," अप्पा म्हणाले.

आता मी सकाळपासून चार घरं बघून वैतागले होते. एकानं शाकाहारी आहे का विचारलं, एकीनं लग्न कधी करणार विचारलं. त्यापेक्षा हे बरं. मी चाकावर थाप मारली, टाकीला कान लावला आणि म्हणाले, "पोट फुगलंय. खुराक कमी करा."

अप्पा खूश झाले. "अव्वा, पोरीला चहा टाक. कळतंय तिला!" खोली मिळाली.

खुराकाचं मी गमतीनं बोलले होते, पण दुखणं नेमकं तेच होतं. ट्रक पेट्रोलवर चालायचा. आपल्याकडं ट्रक म्हटलं की डिझेल, हे लहान पोरालाही ठाऊक. पण हा ट्रक जुन्या जमान्यातला, आणि पेट्रोल असं प्यायचा की ओढ्यापर्यंत जाऊन आला तरी धाप लागायची. अप्पांचा धंदा कडब्याचा. पूर्वी याच ट्रकमधून पार उमरग्यापर्यंत कडबा जायचा. नंतर गुडघे गेले, बैल गेले, धंदा भाड्याच्या टेम्पोवर आला. दावणीला राहिला तो ट्रक. "दावण रिकामी ठिवायची नसती," अप्पा म्हणायचे, आणि त्यावर अव्वा कानडीत काहीतरी बोलायच्या, ज्याचं मराठी मला कुणीच सांगितलं नाही.

अप्पांचा जळकोटचा किस्सा सांगितल्याशिवाय अप्पा कळणार नाहीत. जळकोटला मेव्हण्याच्या पोरीचं लग्न होतं. अप्पा नवं धोतर नेसून, आहेराचं लुगडं पिशवीत घालून सकाळच्या एस्टीनं निघाले. एस्टीत डोळा लागला. जाग आली तेव्हा बस तुळजापूरच्या स्टँडवर उभी. दुसऱ्या कुणी कपाळावर हात मारून घेतला असता. अप्पांनी देवीचं दर्शन घेतलं, लुगडं देवीला वाहिलं, पेढे घेतले आणि संध्याकाळी घरी आले. अव्वांनी विचारलं, "लगीन कसं झालं?"

"आईनं बोलावलं तर जळकोटला कसं उतरू?" अप्पा म्हणाले. "बस बराबर गेली. जळकोटच आधी आलं."

अव्वांच्या माहेरची माणसं वर्षभर या घराची पायरी चढली नाहीत. चूक अर्थात जळकोटची.

पण या माणसाला खरं ओळखायचं तर पोळ्याच्या आदल्या दिवशी. त्या संध्याकाळी घरोघर खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सुजलेला असतो, त्याला लोणी-हळद चोळतात आणि कानात सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. अप्पा ते ट्रकला करायचे. लोण्याची वाटी घेऊन दोन्ही मडगार्डांना हळद चोळायचे आणि आरशापाशी तोंड नेऊन आवतण द्यायचे. पहिल्या वर्षी मला हसू आवरेना. पण ते लोणी ज्या पद्धतीनं लावत होते, बोटांनी नाही, तळव्यानं, हळूहळू, ते बघून माझं हसू गेलं. ज्यानं खरा बैल सांभाळलाय त्याचाच हात तसा फिरतो.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत सगळ्यांत शेवटी अप्पांचा ट्रक. आमच्या वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखालून बैल जातात आणि मारुतीला वळसा घालून घरी येतात. त्या वर्षी मानाचे बैल वळसा घालून परत आले, आणि नेमका वेशीच्या तोंडात ट्रक बंद पडलेला. पेट्रोल संपलं होतं. बैल अडकले, वाजंत्री अडकली, एक खोंड उधळून पानाच्या टपरीत घुसला आणि मला सणाच्या साडीवर त्याच्या पायाला टाके घालावे लागले. शेवटी पंधरा-वीस जणांनी ढकलत ट्रक घरी आणला.

"वेस अरुंद झाली आता," अप्पा म्हणाले.

ही बातमी पुण्याला पोचायला वेळ लागला नाही. अप्पांना एकच मुलगा, पुण्यात नोकरीला. चांगला मुलगा, दर रविवारी फोन करायचा, पण बापाशी बोलताना कार्यालयातल्यासारखा बोलायचा. अव्वा म्हणायच्या, ल्हानपणी हा बापाच्या मांडीवरनं उतरायचा न्हाय. ट्रक पंपावर थांबला की खिडकीतनं मुंडकं काढून "पेट्लोल! टाकी फुल!" म्हणून वरडायचा. आई म्हणायच्या आधी पेट्लोल म्हणाला, असं त्या सांगायच्या, आणि त्याचा राग त्यांना अजून होता.

तर त्या रविवारी फोन स्पीकरवर होता.

"अप्पा, बास झालं. कुणाचा जीव गेला असता. मी भंगारवाल्याशी बोललोय."

अप्पांनी खिडकीतून गोठ्याकडं बघितलं.

"त्याला डिझेलचं इंजान बशिवतो," अप्पा अचानक म्हणाले. कुणाला माहीत, तो विचार त्यांच्या डोक्यात आधीपासून होता की त्या क्षणी आला.

मुलगा हसला नाही, एवढं त्याचं कौतुक. म्हणाला, "ठीक. पुढच्या पोळ्याला मी येतो. गाडी कुणी न ढकलता, स्वतःच्या ताकदीवर वेशीतून गेली तर राहू दे गोठ्यात. नाही गेली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला घेऊन जाईल. शब्द द्या."

"दिला," अप्पा म्हणाले. फोन ठेवून ते गोठ्यात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. अव्वांनी भाकरी झाकून ठेवली. त्या दिवशी भांडण झालं नाही, तेव्हाच मी ओळखलं की म्हाताऱ्याच्या जिवाला लागलंय.

दुसऱ्या दिवसापासून घरात चाचा शिरले. चाचा म्हणजे स्टँडमागचे मिस्त्री. तोंड असं की गाडी दुरुस्त नाही झाली तरी ऐकून बरं वाटावं. "फिकर नक्को करो अप्पा. म्हैस में बी इंजन बिठा देतूं मैं."

"त्याला आधी माझा दाखला लागेल चाचा," मी म्हणाले.

नळदुर्गच्या एका भंगारातून उलटलेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन आलं. जुनं इंजिन उतरवायला गोठ्याच्या तुळईला साखळी लावली. ते बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, याचं वजनावर बरं येईल. अप्पांनी त्यांच्याकडं असं बघितलं की चाचांनी टोपी सारखी केली. "म्हातारा झाला म्हणून बैल बाजारात न्हेतो का आपण?" दावणीच्या कडेला दगडी ओटा होता, त्यावर जुनं इंजिन बसवलं आणि बैलाची जुनी झूल पांघरली. आजही ते तिथंच आहे.

नवं इंजिन मात्र सरळ बसेना. पेट्रोलवाल्याला ठिणगी लागते, डिझेलवाला नुसत्या दाबावर पेटतो, म्हणून तो आडदांड असतो, जड असतो, असं चाचांनी मला समजावलं. पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत जास्तीचे पाटे घालावे लागले, इंजिनाची बैठक तोडून नवी करावी लागली, गिअरबॉक्सशी जुळवायला मधे जाड पत्रा कातून घालावा लागला. एवढं सगळं केलं आणि बॉनेट लागेना. इंजिन वीतभर वर आलेलं. मापं कुणी घेतली होती? अप्पांनी. कशानं? वितेनं.

"अप्पा, नाप चुक्या," चाचा म्हणाले.

"नाप बराबर हाय," अप्पा म्हणाले. "इंजान उंच न्हाय, बॉनेट बुटकं हाय."

मग बॉनेटला मधोमध भोक पाडलं, आणि वर आलेलं इंजिन झाकायला काय ठेवावं यावर दोघं विचार करत बसले. दुसऱ्या दिवशी अव्वांची कणीक मळायची मोठी परात सापडेना. सापडली ती ट्रकवर, पालथी, कडेनं झाळून पक्की बसवलेली. अव्वांनी कपाळाला हात लावला. "माझ्या आईनं दिलेली परात! आता पुरणाची कणीक कशात तिंबू, तुमच्या टोपीत?"

अप्पा दोन पावलं मागं सरकले, डोळे बारीक करून ट्रककडं बघितलं आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "डाक्टरीणबाई, बघा की! वशिंड आलं!"

आणि खरंच, देवाशपथ, त्या लांब नाकावर मागं ती परात खिलारी बैलाच्या वशिंडासारखी दिसत होती. मी हसले, चाचा हसले, आणि पदराआड अव्वाही हसल्या, पण परातीचं त्यांनी माफ केलं नाही.

पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तो दिवस. सगळी गल्ली जमली. चाचांनी नारळ फोडला, अप्पांनी किल्ली फिरवली आणि गोठा हादरला. काळा धूर, धडधड, कोंबडी जी पळाली ती शेजारच्या गल्लीत सापडली. अप्पांनी डौलात किल्ली बंद केली. इंजिन चालूच. पुन्हा फिरवली, काढून खिशात टाकली, तरी चालूच. डिझेलचं इंजिन किल्लीनं बंद होत नाही, त्याला वेगळी तार ओढावी लागते, आणि ती तार जोडायची चाचा विसरले होते.

"अप्पा, बंद करो!" चाचा ओरडले.

"चांगलं चाललंय तर बंद कशाला करायचं?" अप्पा केबिनमधून ओरडले. घाम फुटला होता, पण मान ताठ. शेवटी चाचांनी डिझेलची नळी पकडीनं दाबून धरली तेव्हा कुठं ते शांत झालं. त्यानंतर आठवडाभर अप्पा लोकांना सांगत होते, इंजान असं पायजे, मालकाच्या मनावर न्हाय, सोताच्या मनावर चालणारं.

पोळा आला. मुलगा सकाळीच पुण्याहून उतरला. परात बघून तो हसू दाबत आत पळाला आणि आईच्या गळ्यात पडून हसला, हे मी पाहिलं. अप्पा आरशांना हिंगुळ लावत होते, शिंगं रंगवतात तसं. मला त्यांनी रंगाचा डबा धरून उभं केलं होतं. डबा खाली ठेवला की ओरडायचे.

"टाकीत तळालाच उरलंय," मुलाला ते म्हणाले. "जा, पंपावरनं भरून आण. जमंल का?"

मुलगा चढला. वाटलं, याला गिअर तरी सापडतील का. पण हात बसलेला होता. ट्रक झोकात वळला आणि गेला. अप्पा ब्रश हातात धरून बघतच राहिले. पुढं आरसे झाले, बंपर झाला, मग मला हार ओवायला बसवलं. मुलगा ट्रक घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा फुललेला. "अप्पा, हलका चालतोय!" त्याचं ते बोलणं पुण्याचं नव्हतं.

दुपारी मिरवणूक निघाली. सगळ्यांत शेवटी आमचा ट्रक. स्टिअरिंगवर अप्पा, शेजारी मुलगा. मी आणि अव्वा वेशीपाशी उभ्या होतो. बैल तोरणाखालून गेले, वाजंत्री गेली, मग वळणावर वशिंड दिसलं आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. अव्वांनी माझा दंड धरला.

आणि तोरण अगदी हाताशी आलं तेव्हा ट्रकनं आचके द्यायला सुरुवात केली. इंजिन कडकड वाजलं, पांढरा धूर निघाला आणि सगळं थांबलं.

चाचा गर्दीतून धावत आले. वशिंडाखाली हात घालून फिल्टर खोलला, बोट बुडवलं, वास घेतला. "या अल्ला. ये तो पेट्रोल है! डिझेल की गाडी में पेट्रोल किसने भरा?"

मी मुलाकडं बघितलं. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पंप आला, खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं, आणि लहानपणापासून जिभेवर असलेला शब्द आपोआप बाहेर आला. भरणाऱ्यालाही वेगळं वाटलं नाही. अप्पांचा ट्रक पेट्रोल पितो, हे साऱ्या मुरूमला पाठ.

गाव बघत होता. कुणीतरी हसलं. मुलानं तोंड उघडलं, "मी..."

"म्या भरलं," अप्पा मोठ्यानं म्हणाले. "इतक्या वर्सांची सवय. ध्यानात ऱ्हायलं न्हाय. माझी चूक झाली."

चाचांच्या हातातला पाना तसाच राहिला. अप्पांनी स्वतःच्या तोंडानं "चूक" म्हटलं होतं! आणि मी शपथेवर सांगते, सकाळपासून तो माणूस माझ्या नजरेसमोरून हलला नव्हता.

"ढकला रं!" मागून कुणी ओरडलं. दहा-बारा जण पुढं आले.

"हात लावायचा न्हाय," अप्पा म्हणाले. ते खाली उतरले आणि परातीवरून तळवा फिरवला. "शब्द दिलाय. उद्या येऊ दे त्या भंगारवाल्याला. होगली बिडू." जाऊ दे, सोडा, असं म्हणत ते बाजूला जाऊन उभे राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

मुलगा केबिनमधून उतरला. पुण्याचा पांढरा शर्ट घातला होता, तसाच तो ट्रकखाली शिरला. टाकीचं बूच काढून सगळं पेट्रोल बादलीत उतरवलं. "कुणाच्या ट्रॅक्टरमध्ये डिझेल हाय रं?" तो खालूनच ओरडला, आणि ते बोलणं सगळ्या मुरूमचं होतं. तीन ट्रॅक्टरवाले नळ्या घेऊन धावले. चाचा हाताच्या पंपानं नळीतली हवा काढत बसले, तोंडानं अल्लाला आणि इंजिनाला आळीपाळीनं समजावत. तोवर बैल मारुतीला वळसा घालून आले होते. मानाच्या बैलांचा मालक म्हणाला, थांबतो आम्ही, आधी त्याला जाऊ दे. मला अजून त्या माणसाचं कौतुक वाटतं, कारण मागच्या वर्षी टाके घातलेला खोंड त्याचाच.

इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धडधडलं. मुलगा केबिनमध्ये चढला, तोंडाला काळं, शर्टाचं वाटोळं. खिडकीतून मुंडकं काढून म्हणाला, "अप्पा, बसा. कुणी ढकलेना, सोताच चाललंय."

ट्रक तोरणाखालून गेला. म्हणजे, तोरणासकट गेला. आंब्याची पानं परातीच्या कडेत अडकली आणि सुतळी तुटून सगळं तोरण वशिंडावर मिरवत मारुतीपर्यंत गेलं. मीही वेड्यासारखी टाळ्या पिटत होते.

संध्याकाळी दोघांनाही नैवेद्य दाखवला, ट्रकला आणि झुलीतल्या जुन्या इंजिनालाही. अव्वा पुरणपोळी वाढता वाढता माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं पयल्यांदा चूक कबूल केली बघ ह्या माणसानं. आन् ती बी दुसऱ्याची!"

मला राहवलं नाही. अप्पा गोठ्यात एकटे सापडले तेव्हा मी म्हणाले, "अप्पा, खोटं बोललात की. तुम्ही तर आरसे रंगवत होता."

त्यांनी झुलीची घडी सारखी केली. "पंपावर पेट्रोल म्हण म्हणून त्याला शिकिवलं कुणी? म्याच ना? मग चूक कुणाची?"

तेवढ्यात घराच्या मागच्या दारातून धाडकन आवाज आला. मुलगा ताट घेऊन गोठ्याकडं येत होता, चौकटीला डोकं आपटून कपाळ चोळत उभा होता.

"लागलं का रं?" अप्पा इथूनच ओरडले. "तुझं बराबर हाय. दारच बुटकं हाय ते!"